बारा रांजणांचं मीठपाणी

बान एसिमला सोकोल गावात नांदायला येऊन अकरा वर्षं झाली होती, तरी तिला नावानं हाक मारणारं माणूस एकच, तिचा नवरा थेजू, आणि तोही बिचारा हळू आवाजात. बाकी सगळ्यांची ती बेटकरीण. तसं आमच्याकडे बाईला माहेरच्या गावावरूनच ओळखतात, त्यात वावगं काही नाही. थेजूची थोरली चुलती दाम्यांगची, म्हणून ती दाम्यांगकरीण. पण दाम्यांगकरीण म्हणताना लोकांचा आवाज खाली यायचा आणि बेटकरीण म्हणताना नाक वर जायचं. एसिमचं माहेर पार समुद्रातल्या नेमुल बेटावर, आणि बाप मिठागरात राबणारा. आम्हा डोंगराकडच्या लोकांना मीठ तिन्हीत्रिकाळ लागतं, पण मीठ पिकवणाऱ्याची लेक सून म्हणून आली की पोटात दुखतं. ही आमची अक्कल!

दिसायला एसिम बुटकी, बोलायला कमी, आणि खांदे मात्र गड्यासारखे. लग्नाच्या दिवशीच दाम्यांगकरणीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चारचौघींत म्हणाली, "देवानं हिच्या डोक्यासाठी घेतलेली मातीसुद्धा खांद्यातच संपवलेली दिसते." बायका तोंडाला पदर लावावा तशा बाह्या लावून हसल्या. एसिमनं ते ऐकलं, गिळलं आणि दुसऱ्या दिवसापासून थोरल्या घरचं पाणी वाहायला लागली. सासू तिला लाभलीच नाही, ती लग्नाआधीच गेलेली. त्यामुळे थोरल्या घरची दाम्यांगकरीण हीच तिची सासू, सासूची सासू आणि न्यायाधीशही.

आता खांदे असे का, तेही सांगायला हवं. मिठागरात पोर चालायला लागलं की त्याच्या खांद्यावर कावड येते. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात उतरवत न्यायचं, उन्हानं ते दिवसेंदिवस दाट होत जातं. पाऊस दिसला की ते दाट पाणी छप्पर घातलेल्या खड्ड्यांत साठवायचं, नाहीतर महिन्याची मेहनत पाण्यात. अशाच एका खड्ड्यात एसिम सहा वर्षांची असताना धपकन पडली. खड्डा पुरुषभर खोल. तिला वाटलं, संपलो आपण. पण खाली जायचं नावच नाही! छातीपर्यंत पाण्याबाहेर, जणू कुणी खालून काखेत हात घालून उचलून धरलंय. डोळे तेवढे मिरची गेल्यासारखे झोंबत होते. बाप धावत आला, आणि पोरगी तरंगतेय असं बघितल्यावर काठावर बसून चक्क हसायला लागला.

"हातपाय झाडू नकोस गं, आणि डोळे चोळू नकोस! हे पाणी तुला बुडवायचं म्हटलं तरी बुडवणार नाही," तो म्हणाला आणि मग निवांत हात देऊन तिला वर काढलं.

डोळे धुऊन झाल्यावर पोरीनं विचारलं, "का नाही बुडवणार?" बापानं दोन सारख्या बादल्या घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी काठोकाठ, दुसरीत खड्ड्यातलं. दोन्ही कावडीला लावून कावडीची काठी बरोबर मध्ये खांद्यावर घेतली. खाऱ्या पाण्याची बाजू हळूच खाली गेली.

"मीठ विरघळलं म्हणून काय नाहीसं झालं? दिसत नाही, पण वजन तिथंच आहे. आता ऐक. तू पाण्यात पडलीस की तुझ्या अंगानं जागा घेतलीस, तेवढं पाणी बाजूला सरलं. ते पाणी गप्प बसत नाही, परत आपल्या जागी यायला बघतं आणि तुला वर रेटतं. जितकं ते जड, तितका त्याचा रेटा मोठा. गोडं पाणी हलकं, त्याचा जोर अपुरा पडतो. हे पाणी जड, याच्यापुढे तुझं वजन काहीच नाही."

"म्हणजे मी हलकी झाले?"

"तू होतीस तेवढीच आहेस. पाणी जड झालंय."

शाळेत एसिम चार वर्षंच गेली, पण हा धडा तिच्या अंगात मुरला. पुढे लग्न होईपर्यंत बारा-तेरा वर्षं तिनं खाऱ्या पाण्याच्या कावडी वाहिल्या. कोणत्या वाफ्याचं पाणी आहे ते डोळे मिटून कावड उचलली तरी ती सांगायची. बापाला या गोष्टीचा केवढा अभिमान! व्यापारी आला की तिला हाक मारायचा आणि म्हणायचा, "हिच्या खांद्याला विचारा."

सोकोलला कुणी विचारलं नाही.

आता त्या दिवसाकडे येऊ. पंच्याऐंशी साल, चांद्रवर्षाचा पहिला महिना, बारा प्राण्यांच्या नावांनी दिवस मोजतात त्यांतला घोड्याचा दिवस. आमच्याकडे जांग, म्हणजे मुरवलेला सोयाबीनचा सॉस आणि लगदा, घालायला हा दिवस सगळ्यांत चांगला मानतात. हिवाळाभर छताला टांगलेल्या मेजू, म्हणजे कुटलेल्या सोयाबीनच्या विटा, धुऊन वाळवून रांजणात घालायच्या आणि वर मीठपाणी ओतायचं. दोन महिन्यांनी त्यातून वर्षभराचा सॉस आणि वर्षभराचा लगदा निघतो. थोरल्या घरच्या ओट्यावर असे बारा रांजण. चार घरांचं वर्षभराचं जेवण त्यांवर, पितरांच्या प्रत्येक पूजेचा नैवेद्य त्यांवर. मीठ कमी पडलं तर उन्हाळा लागता लागता रांजण आंबून जातात, किडे होतात, आणि वर्षभर शेजारच्या गावात वाडगं घेऊन जांग मागत फिरायचं. ती नामुष्की सोकोलनं कधी बघितली नव्हती, कारण तीस वर्षं ओट्यावर दाम्यांगकरणीचं राज्य होतं. बाई तोंडाची फाटकी, पण कामात एक नंबर. खोटं कशाला बोला.

तिचा एक नियम होता, बाकी गावात कधीच मोडीत निघालेला. जांग घालताना बायकांनी तोंडावर कागद बांधायचा. जुन्या पद्धतीचा पांढरा जाड कागद, नाकाखाली दोरीनं करकचून. बाईचा श्वास आणि बाईची बडबड, दोन्ही रांजणात पडता कामा नये. कागद चढला की शेवटचं झाकण पडेपर्यंत हूं की चूं नाही. तिची सख्खी सून, माहेर नाजू गावचं म्हणून नाजूची सून, एकदा शिंकली होती, तर दाम्यांगकरणीनं तो रांजण उपसून पुन्हा भरायला लावला होता.

आदल्या दिवशी मीठ विरघळवायचं काम झालं. मोठ्या हौदावर बांबूच्या टोपल्या ठेवून, त्यांत मीठ भरून वरून पाणी ओतायचं. टोपल्यांचा आकडा ठरलेला. मिठाची पोती एसिमनंच उतरवली होती, आणि पहिलं पोतं पाठीवर घेतल्याघेतल्या तिच्या कपाळाला आठी पडली. मागच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडे पाऊस लांबला होता. मीठ ओलं होतं, मुठीत दाबलं तर लाडू वळावा असं. ओलं मीठ टोपली भरतं, पण त्यात मीठ कमी आणि पाणी जास्त.

रात्रभर गाळ खाली बसला. सकाळी हौदातून ओट्यापर्यंत निवळ मीठपाणी वाहायचं काम अर्थातच एसिमचं. तिनं दोन बादल्या भरल्या, कावड खांद्यावर घेतली, चार पावलं चालली आणि थांबली. हलकं. फार नाही, पण हलकं. अकरा वर्षं याच बादल्या, हीच काठी आणि हाच दिवस. खांदा चुकत नव्हता.

अजून कागद बांधले नव्हते. ती कावड घेऊनच दाम्यांगकरणीपाशी गेली.

"थोरल्या आई, पाणी हलकं लागतंय. यंदा मीठ ओलं होतं. दोन-तीन टोपल्या अजून..."

दाम्यांगकरीण मेजूच्या विटा मोजत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "बेटकरणी, पाण्याला हलकं-जड ठरवायला इथं अंडं आहे. तू कावड उचल."

एसिम कावड उचलत राहिली. मग कागद चढले.

यंदाचं अंडंही साधंसुधं नव्हतं. दाम्यांगकरणीची लेक ग्वांगजू शहरात दिलेली. नव्या इंग्रजी वर्षाला तिनं तीस अंड्यांचा खोका पाठवला होता, एकेक अंडं पांढरंशुभ्र आणि मुठीएवढं. म्हातारीनं आल्यागेल्याला दाखवून दाखवून गाव जेरीस आणलं. त्यातली बरीचशी खाल्ली, पण सगळ्यांत देखणं एक अंडं जांगच्या दिवसासाठी राखून ठेवलं. आणि ठेवलं कुठं? थंडीनं गोठू नये म्हणून खोलीतल्या सगळ्यांत उबदार जमिनीवर, चुलीची धग जमिनीखालून जाते त्या अंगाला, गोधडीत गुंडाळून. त्या जागी आमच्याकडे घरातला मोठा माणूस किंवा पाहुणा बसतो. दीड महिना ते अंडं तिथं शेकत पडलं होतं. एवढा मान कोंबडीच्या अंड्याला सोकोलमध्ये कधी मिळाला नसेल!

तर ओट्यावर सहा बायका, सहा कागद, सगळं चिडीचूप. दाम्यांगकरणीनं दोन्ही हातांनी ते अंडं ओट्यावरच्या मीठपाणी भरलेल्या घंगाळात सोडलं. अंडं खाली गेलं, वर आलं, डोललं आणि स्थिर झालं. पाण्याच्या वर त्याचं टक्कल दिसत होतं, बरोब्बर शंभर वॉनच्या नाण्याएवढं. जसं हवं तसंच. याहून मोठं दिसलं तर पाणी जास्त खारट, अंडं बुडालं तर अळणी. दाम्यांगकरणीनं मान डोलावली आणि पहिल्या रांजणाकडे बोट दाखवलं. ओता.

अंडं सांगत होतं पाणी बरोबर, खांदा सांगत होता नाही. क्षणभर तिला वाटलं, आपलाच खांदा म्हातारा झाला. मग बादली तिनं पुन्हा एका हातानं उचलून बघितली. नाही. हलकं ते हलकंच. मग अंडं का तरंगलं? आणि तिला बापाचं बोलणं आठवलं: तू होतीस तेवढीच आहेस, पाणी जड झालंय. इथं उलटं असेल तर? पाणी आहे तेवढंच आहे, आणि अंडंच हलकं झालं असेल तर?

तिनं मानेमागची गाठ ओढली आणि तोंडावरचा कागद काढला.

पाच जणींचे डोळे विस्फारले. नाजूच्या सुनेनं तर छातीवर हात ठेवला.

"थोरल्या आई, हे पाणी ओतू नका," एसिम म्हणाली. "हे अंडं खोटं बोलतंय."

दाम्यांगकरणीचा चेहरा कागदाच्या वर लालबुंद झाला. तिनं खुणेनं गप्प बस म्हटलं, एकदा, दोनदा. एसिम गप्प बसेना. शेवटी म्हातारीनं स्वतःचा कागद टरकन फाडला.

"खोटं बोलतंय? माझ्या लेकीनं पाठवलेलं अंडं खोटं बोलतंय? अगं मिठागरातले, तीस वर्षं मी या ओट्यावर उभी आहे! नाणं दिसतंय की नाही? डोळे आहेत ना?"

"नाणं दिसतंय. म्हणूनच म्हणते. ताजं अंडं या पाण्यात असं तरंगायचं नाही."

"आणि हे काय शिळं आहे?"

"दीड महिन्याचं आहे, थोरल्या आई. तेही ऊब लागलेलं. कवचाला बारीक भोकं असतात, आतलं पाणी सुकत जातं आणि वारा भरतो. अंडं दिसतं तेवढंच, पण वजन कमी होतं. हलक्या अंड्याला हलकं पाणीही उचलतं. माझ्या कोंबडीनं आज सकाळी अंडं घातलंय. आणते. तेच सांगेल."

कागद आता सगळ्यांचेच ढिले झाले होते. "आणू द्या ना, बघायला काय जातंय," नाजूची सून हळूच म्हणाली आणि म्हातारीची नजर पडताच मेजूच्या विटांमागे सरकली.

दाम्यांगकरीण खाली उतरली, एसिमच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"आण. पण नीट ऐकून ठेव. आज तू रांजणांपुढे तोंड उघडलंस, माझ्या लेकीच्या अंड्याला नाव ठेवलंस. तुझं अंडंही वर राहिलं, तर उद्यापासून या ओट्याला तुझा पाय लागायचा नाही. पाणी वाहायलासुद्धा नाही. तुझ्या घरानं जांग कुठून आणायचा तो आणावा."

"बरं," एसिम म्हणाली.

तिचं घर भिंतीपलीकडेच. ती गेली आणि अंडं घेऊन आली. मुठीतलं अंडं छोटं, तांबूस, एका बाजूला शेण लागलेलं. ग्वांगजूच्या अंड्यापुढे अगदी गरीब दिसत होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि एसिमच्या मनात आलं, ते आत्ताच का आलं कोण जाणे, की हे तरंगलं तर थेजूला काय सांगायचं? वर्षभर आपल्या लहानग्या पोरीच्या पानात काय वाढायचं?

तिनं अंडं पुसलं आणि पाण्यात सोडलं.

अंडं खाली निघालं. अर्ध्यावर जाऊन रेंगाळलं. मग डुलत डुलत अजून खाली गेलं आणि तळाला टेकलं. वर ग्वांगजूचं अंडं ऐटीत तरंगतंय, खाली सोकोलचं अंडं आडवं झोपलंय, पाणी तेच.

दाम्यांगकरीण वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या अंड्यातच काही खोट नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता, आणि एसिमला तो आवडलाही. तिनं भोपळ्याच्या रुंद तुंब्यात विहिरीचं गोडं पाणी घेतलं, दोन्ही अंडी त्यात ठेवली. "मीठ नाही, काही नाही. आता बघा." ताजं अंडं तळाला कुशीवर पडून राहिलं. ग्वांगजूच्या अंड्यानं मात्र जाड बूड वर उचललं आणि टोकावर उभं राहिलं, पाण्यात डुलत, जणू कुणी दोरीनं वर ओढतंय.

"बूड वर का आलं? तिथं वारा भरलाय. बाजारातली जुनी अंडी आम्ही बेटावर अशीच ओळखतो."

दाम्यांगकरणीनं ते उभं अंडं तुंब्यातून उचललं, कानाशी धरून हलवलं. आतून डुचमळल्याचा आवाज आला, पलीकडच्या बायकांनासुद्धा ऐकू गेला. म्हातारीनं अंडं खाली ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि एकच शब्द बोलली.

"मीठ."

मग काय विचारता! वाहून आणलेलं पाणी परत हौदात गेलं, ताजं अंडंही हौदात सोडलं, पोती उघडली, टोपल्या भरल्या, हौदाचंच पाणी त्यांवरून ओतलं. एक टोपली झाली, ताजं अंडं तळातून उठलं आणि पाण्याच्या मधोमध अधांतरी राहिलं. दुसरी झाली, वर आलं, पण पाण्याच्या पातळीलाच चिकटून. "अजून," एसिम म्हणाली. आणि दाम्यांगकरणीनं, तीस वर्षं जिला कुणी 'अजून' म्हणालं नव्हतं तिनं, स्वतः तिसरी टोपली धरली. अंड्याचं तांबूस टक्कल हळूहळू बाहेर आलं: आधी वाटाण्याएवढं, मग नखाएवढं, मग नाण्याएवढं. एसिमनं दोन बादल्या भरून कावड खांद्यावर घेतली. काठी वाकली, हाडाला ओळखीचा भार लागला, आणि तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. लाज कसली त्यात! अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर ती ताठ मानेनं उभी होती.

बारा रांजण भरले. कोळसा, लाल मिरच्या, खजुरासारखी लाल बोरं वर टाकली, झाकणं पडली, गवताची दोरी बांधली. तोंडावर कागद कुणाच्याच नव्हता, आणि तो पुन्हा बांधा असं दाम्यांगकरीणही म्हणाली नाही.

सगळं आटोपल्यावर म्हातारी ओट्याच्या पायरीवर बसली. सगळ्या बायका हात धूत होत्या. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सकाळी तू मला सांगायला आली होतीस ना?"

"हो."

"आणि मी काय म्हणाले?"

एसिम धुतलेले हात पुन्हा धुवायला लागली.

"लाजतेस कशाला, सांग की. कावड उचल म्हणाले." म्हातारीनं गुडघ्यावर हात आपटला. "अंड्याचं ऐकलं आणि माणसाचं नाही ऐकलं. चुकलं माझं. बारा रांजण घालवले असते मी आज." मग म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून पाणी वाहायला दुसरी कुणीतरी बघू. तू इथं वर, माझ्या शेजारी उभं राहायचंस. अंडं तू सोडायचंस."

असा मान थोरल्या घरच्या सख्ख्या सुनेलाही मिळाला नव्हता. नाजूची सून हात धुवायची थांबून बघायला लागली. एसिमनं दोन्ही हात पुढे जोडून धरले, कंबरेत वाकून म्हातारीला नमस्कार केला, मग सरळ झाली.

"अंडं तुम्हीच सोडा, थोरल्या आई," ती म्हणाली. "कावड मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. दिली तर मला कळणार कसं?"